आंतरराष्ट्रीय क्रीडासंस्थेत नोकरी: बालेवाडीच्या ट्रॅकपासून लोझानच्या ऑफिसपर्यंत

"ताई, मला ऑलिंपिकमध्ये काम करायचंय, अर्ज कुठे करू?" हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. विचारणारी मुलं-मुली हुशार असतात, खेळावर त्यांचा जीव असतो, हातात एमबीए किंवा बीपीएड असतं. अर्ज कुठे करायचा हे मी सांगतेच, पण त्याआधी विचारते, "एखाद्या स्पर्धेत सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत काम केलंयस का?" बहुतेकांचं उत्तर नाही असं असतं. ही वाट तिथूनच सुरू होते, म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहिते आहे.

मी स्वतः पुण्यात बालेवाडीच्या ट्रॅकवर स्वयंसेवक म्हणून सुरुवात केली आणि पुढे लोझानमधल्या एका जागतिक महासंघाच्या स्पर्धा विभागात सहा वर्षं काम केलं. माझ्याकडे परदेशी पदवी नव्हती, कुणाची ओळखही नव्हती.

आधी कोण काय करतं ते समजून घ्या

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती, म्हणजे आयओसी, १८९४ साली पॅरिसमध्ये स्थापन झाली आणि १९१५ पासून तिचं ऑफिस स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात आहे. तलावाकाठी विदी भागात २०१९ मध्ये तिची नवी इमारत झाली. पण कुस्तीचे नियम किंवा हॉकीचं वेळापत्रक आयओसी ठरवत नाही. ते काम त्या त्या खेळाच्या जागतिक महासंघाचं. त्याखाली खंडाचा महासंघ, मग देशाचा, मग राज्य आणि जिल्हा संघटना. शिवाय प्रत्येक मोठ्या स्पर्धेसाठी स्थानिक आयोजन समिती उभी राहते आणि स्पर्धा संपली की विसर्जित होते. नोकऱ्यांची सगळ्यात मोठी भरती या आयोजन समित्यांतच असते, आणि नेमकं तिकडेच आपल्याकडच्या मुलांचं लक्ष नसतं.

याखेरीज खास कामांच्या संस्था आहेत. खेळातले वाद सोडवणारं क्रीडा लवाद न्यायालय, म्हणजे कॅस, १९८४ पासून लोझानमध्ये आहे. उत्तेजकविरोधी संस्था वाडा १९९९ ची, तिचं मुख्यालय कॅनडातल्या माँट्रियलमध्ये. प्रत्यक्ष चाचण्यांचं काम करणारी इंटरनॅशनल टेस्टिंग एजन्सी पुन्हा लोझानमध्ये. ऑलिंपिकचं प्रक्षेपण करणारी ओबीएस माद्रिदमध्ये. वकील, डॉक्टर, फार्मसिस्ट, कॅमेरामन, डेटाचं काम करणारे अशा सगळ्यांना इथे जागा आहे.

सगळं स्वित्झर्लंडमध्येच आहे असं मात्र नाही. फुटबॉलची फिफा झ्युरिकला, युरोपातल्या फुटबॉलची युएफा न्यों गावात आणि सायकलिंगचा महासंघ एग्लमध्ये, ही तिन्ही ठिकाणं स्वित्झर्लंडमधलीच. पण ॲथलेटिक्सचं मुख्यालय मोनॅकोत, रग्बीचं डब्लिनला, टेनिसचं लंडनला. बॅडमिंटनचा जागतिक महासंघ आणि आशियाई फुटबॉल महासंघ दोन्ही क्वालालंपूरला आहेत. क्रिकेटची आयसीसी २००५ मध्ये लॉर्ड्स सोडून दुबईला गेली. आपल्या दृष्टीने क्वालालंपूर आणि दुबई या दोन जागा फार महत्त्वाच्या आहेत. का ते पुढे व्हिसाच्या भागात येईलच.

पैसा कुठून येतो हे कळलं की भरती कधी होते हे कळतं

मोठे दोन-चार महासंघ सोडले तर बाकीच्यांचा संसार बऱ्याच अंशी ऑलिंपिकच्या उत्पन्नातल्या वाट्यावर चालतो. रिओ २०१६ नंतर उन्हाळी ऑलिंपिकमधल्या खेळांच्या २८ महासंघांमध्ये मिळून सुमारे ५४ कोटी डॉलर वाटले गेले. वाटणी गटवार होते. ॲथलेटिक्स, जलतरण आणि जिम्नॅस्टिक्स सर्वांत वरच्या गटात, आधुनिक पेंटॅथलॉनसारखे खेळ सर्वांत खाली. खालच्या गटातल्या महासंघाचं सगळं ऑफिस वीस-पंचवीस माणसांत चालू शकतं.

याचे दोन परिणाम होतात. एक, कंत्राटं चार वर्षांच्या चक्रावर चालतात. ऑलिंपिक झालं की मुदतीची कंत्राटं संपतात, महासंघाच्या निवडणुका होतात, नवे अध्यक्ष येतात, आणि त्यानंतरच्या वर्षात नव्या जागा निघतात. दुसरं, छोट्या महासंघात एकाच माणसाला पाच कामं करावी लागतात. म्हणून पहिली नोकरी छोट्या महासंघात मिळाली तर हिरमुसू नका. मोठ्या संस्थेत तीन वर्षं फक्त हॉटेल बुकिंग बघणारी माणसं मी पाहिली आहेत. छोट्या ठिकाणी वर्षभरात प्रवेशिका, ड्रॉ, प्रक्षेपणाचं वेळापत्रक, पंचांच्या नेमणुका असं सगळं हाताखालून जातं.

पहिली पायरी: स्पर्धेच्या आतलं काम शिका

यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण निवड होते ती याच जोरावर.

महाराष्ट्रात आणि गोव्यात ही संधी लोकांना वाटते त्यापेक्षा बरीच जास्त आहे. २०१७ ची मुलांची सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषक स्पर्धा नवी मुंबईत आणि मडगावला फातोर्ड्यातही झाली. २०२२ मध्ये महिलांचा आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला, आणि त्याच वर्षी मुलींची सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धा नवी मुंबई आणि गोव्यातही आली. बुद्धिबळाचा २०२५ चा विश्वचषक गोव्यात झाला, २०६ खेळाडूंचा. दर जानेवारीत मुंबई मॅरेथॉन असते. २०३० ची राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा अहमदाबादला होणार आहे, म्हणजे पुढची काही वर्षं आपल्या दारातच भरती असेल. अशा प्रत्येक ठिकाणी स्वयंसेवक लागतात, आणि त्यांच्यावर देखरेख करणारी, पगारी, मुदतीच्या कंत्राटावरची माणसंही लागतात.

स्वयंसेवक म्हणून गेलात तर मिळेल ते काम नम्रपणे करा, पण स्वतः मागायचं झालं तर पाहुण्यांच्या स्वागताचं मागू नका. ॲक्रेडिटेशन (प्रवेशाची ओळखपत्रं), कॉल रूम (शर्यतीआधी खेळाडूंची हजेरी घेतात ती खोली), निकाल कक्ष किंवा डोपिंग कंट्रोल (उत्तेजक चाचणी) मागा. महासंघाची माणसं तिथे बसतात, आणि नियमावली प्रत्यक्षात कशी चालते हे तिथेच दिसतं.

माझं पहिलं काम डोपिंग कंट्रोलमधल्या शॅपरॉनचं होतं. प्रशिक्षण एका दिवसाचं. शर्यत संपली की निवड झालेल्या खेळाडूला गाठायचं, चाचणीची सूचना द्यायची, सही घ्यायची आणि डोपिंग कंट्रोल कक्षात पोचेपर्यंत तिला क्षणभरही नजरेआड होऊ द्यायचं नाही. ती पदक घ्यायला गेली तर मागे जायचं, पत्रकारांशी बोलत असेल तर बाजूला उभं राहायचं. माझ्या वाट्याला पाच हजार मीटर धावलेली एक सतरा-अठरा वर्षांची मुलगी आली होती. अंगातलं पाणी घामावाटे गेलेलं, नमुन्यासाठी किमान ९० मिलिलिटर लघवी हवी, आणि तिला होईना. सीलबंद बाटल्या समोर ठेवलेल्या, त्यातली तिने स्वतः निवडायची. आम्ही तीन तास बसलो. पहिल्या खेपेला कमी पडलं, ते अर्धवट म्हणून सील केलं, पुन्हा वाट पाहिली. घरी फोन करायचा म्हणून ती रडकुंडीला आली होती. त्या तीन तासांत मला कळलं की नियम काटेकोर पाळायचा आणि माणसाशी मायेनं वागायचं ही दोन्ही कामं एकाच वेळी करावी लागतात. पुढे प्रत्येक मुलाखतीत हा प्रसंग मी सांगितला, आणि समोरचा दरवेळी वही बाजूला ठेवून ऐकायला लागला.

प्रत्येक स्पर्धेनंतर तीन गोष्टी करा. काय काम केलं ते तारीख, संख्या आणि जबाबदारीसह त्याच आठवड्यात लिहून ठेवा. वरिष्ठांकडून लेटरहेडवर अनुभवाचं पत्र घ्या, कारण आयोजन समिती विसर्जित झाली की ते द्यायला कुणी उरत नाही. आणि ओळख झालेल्या माणसाला एक छोटा आभाराचा मेल पाठवा, काहीही न मागता.

पंच होण्याची वाट

तुम्ही खेळ खेळला असाल तर तांत्रिक अधिकारी होणं हा दुसरा दरवाजा. बुद्धिबळात पंचाला आर्बिटर म्हणतात: आधी राष्ट्रीय आर्बिटर, मग फिडे (बुद्धिबळाचा जागतिक महासंघ) आर्बिटर, मग इंटरनॅशनल आर्बिटर. फिडे आर्बिटरसाठी सेमिनार करावा लागतो, परीक्षेत ८० टक्के गुण लागतात आणि स्पर्धांमध्ये पंच म्हणून काम करून नॉर्म, म्हणजे किताबासाठी धरले जाणारे अनुभवाचे दाखले, मिळवावे लागतात. बॅडमिंटनमध्ये आशियाई पातळीच्या दोन आणि जागतिक पातळीच्या दोन पायऱ्या आहेत. सुरुवात नेहमी जिल्हा संघटनेच्या परीक्षेपासून.

हे काम म्हणजे नोकरी नव्हे. प्रवास, राहणं आणि रोजचा भत्ता मिळतो, पोट त्यावर चालत नाही. शिक्षक, बँक कर्मचारी, रेल्वेतली माणसं रजा टाकून हे करतात, आणि खेळ त्यांच्या जिवावर उभा आहे. पण पंचगिरी केलेला उमेदवार महासंघाच्या स्पर्धा विभागात अर्ज करतो तेव्हा नियमावली त्याला शिकवावी लागत नाही, आणि ही फार मोठी जमेची बाजू आहे.

शिक्षण आणि भाषा

क्रीडा व्यवस्थापनाची पदवी उपयोगी पडते, अनिवार्य नाही. लोझानची एआयएसटीएस ही संस्था २००० साली आयओसी आणि तिथल्या विद्यापीठांनी मिळून काढली. फिफा मास्टर हा अभ्यासक्रम लेस्टर, मिलान आणि नूशातेल अशा तीन शहरांत फिरतो. दोन्ही नावाजलेले आहेत, दोन्ही महागडे आहेत. कर्ज काढून जाण्याआधी त्यांच्या गेल्या दोन-तीन तुकड्यांतल्या भारतीय विद्यार्थ्यांना गाठा आणि थेट विचारा: शिकून झाल्यावर नोकरी कुठे लागली, आणि व्हिसाचं काय झालं? घर गहाण ठेवून जाणाऱ्याला हे विचारण्याचा पूर्ण हक्क आहे.

फुकटातही बरंच शिकता येतं. वाडाचं ॲडेल हे ऑनलाइन व्यासपीठ विनामूल्य आहे, ऑलिंपिक चळवळीच्या ॲथलीट३६५ वरचे अभ्यासक्रमही तसेच.

फ्रेंच शिका. आयओसीच्या अधिकृत भाषा फ्रेंच आणि इंग्रजी. ऑफिसातलं काम इंग्रजीतच होतं, पण जेवणाच्या टेबलावरची भाषा फ्रेंच असते, आणि घरमालकाशी बोलायचीही. पुण्या-मुंबईत आलियाँस फ्राँसेझ आहेच. ए२, म्हणजे सुरुवातीच्या दुसऱ्या पातळीपर्यंत पोचून अर्ज केलात तरी फरक पडतो.

अर्ज आणि मुलाखत

जागा त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर निघतात. तुमच्या खेळाशी आणि कामाशी जुळणाऱ्या दहा संस्थांची यादी करा आणि दर सोमवारी ती पाने उघडून पाहा. शंभर ठिकाणी तोच सीव्ही पाठवण्याने काही होत नाही.

सीव्ही दोन पानांचा. जात, धर्म, वडिलांचा व्यवसाय यातलं काहीही नको. "टीमवर्कची आवड" असली वाक्यं काढा आणि "१८ देशांच्या ३१० खेळाडूंची ॲक्रेडिटेशन कार्डं चार दिवसांत तयार केली" असं लिहा. आकडे खरेच असू द्या. हे जग फार लहान आहे, एका फोनवर खातरजमा होते.

मुलाखतीआधी महासंघाचा वार्षिक अहवाल आणि ताळेबंद वाचा. उन्हाळी महासंघांची संघटना असोइफ त्यांच्या कारभाराचा आढावा वेळोवेळी प्रसिद्ध करते. पारदर्शकता, सचोटी, लोकशाही, खेळाचा विकास आणि नियंत्रणाची व्यवस्था असे त्यात भाग असतात. ज्या महासंघात जायचं आहे तो त्यात कुठे कमी पडला आहे हे माहीत असेल तर तुमचे प्रश्न आपोआप वजनदार होतात. आपण कुठे काम करायला निघालो आहोत हेही कळतं. खेळातल्या काही संस्थांनी भ्रष्टाचाराची मोठी प्रकरणं पाहिली आहेत, डोळे उघडे ठेवूनच जावं.

मुलाखतीत बहुधा एक प्रत्यक्ष काम देतात. मला एक एक्सेल शीट दिली होती: साठ देशांच्या प्रवेशिका, चूक शोधा, वेळ चाळीस मिनिटं. जन्मतारखा, वयोगट, दुबार नोंदी हे सगळ्यांनाच सापडतं. मला त्यात नावांचे घोटाळे दिसले. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तीन अंगी नावं असतात, आणि पासपोर्टवर वडिलांचं नाव कधी "गिव्हन नेम"च्या रकान्यात येतं, कधी येतच नाही. त्यामुळे एकच मुलगी महासंघाच्या नोंदीत दोन वेगळ्या खेळाडू म्हणून बसते, तिचे क्रमवारीचे गुण विभागले जातात, आणि ॲक्रेडिटेशनचं नाव पासपोर्टशी जुळलं नाही की व्हिसाच्या पत्रापासून सगळं अडतं. इंडोनेशियात अनेकांना एकच नाव असतं, आडनाव नसतंच. इथियोपियात दुसरं नाव वडिलांचं असतं. युरोपात वाढलेल्या माणसाच्या हे सहजी ध्यानात येत नाही, कारण त्याच्या फॉर्मवर दोनच रकाने असतात. मी त्या यादीत अशा अकरा नोंदी काढून दिल्या आणि दुसऱ्या दिवशी फोन आला. आपण जिथून आलो तिथलं साधं ज्ञान तिथे कौशल्य ठरतं, ते सांगायला लाजू नका.

व्हिसा: हा प्रश्न मुलाखतीतच काढा

स्वित्झर्लंडमध्ये सर्वसाधारण नियम असा की जागेसाठी आधी स्थानिक आणि युरोपीय संघातले उमेदवार पाहायचे, योग्य माणूस मिळाला नाही तरच बाहेरचा घ्यायचा. त्यालाही वार्षिक कोटा आहे. गेली काही वर्षं तो साऱ्या देशासाठी ८,५०० परवान्यांचा राहिला आहे: ४,५०० बी (जास्त मुदतीच्या वास्तव्याचे) आणि ४,००० एल (अल्पमुदतीचे) प्रकारचे. म्हणून दुसऱ्या फेरीत एचआरला स्पष्ट विचारा, "युरोपबाहेरच्या माणसासाठी तुम्ही आधी परवाना काढला आहे का?" ज्यांनी काढला आहे त्यांना रस्ता माहीत असतो. तिथे शिकलात तर पदवीनंतर नोकरी शोधायला सहा महिने मिळतात.

आता क्वालालंपूर आणि दुबईचं. तिथे असा युरोपीय अग्रक्रम आडवा येत नाही, भारतीय माणसं ऑफिसात आधीपासून असतात, आणि बॅडमिंटन, फुटबॉल, क्रिकेट हे आपले ओळखीचे खेळ. दुबईत पगारावर आयकरही नाही. तिथे तीन-चार वर्षं काढून मग युरोपात जाणं हा मला सर्वांत शहाणपणाचा मार्ग वाटतो.

पैसे मागितले की थांबा

ऑलिंपिक किंवा विश्वचषकाच्या आधी "निवड झाली, प्रोसेसिंग फी भरा" असे मेल आणि व्हॉट्सॲप फिरतात. माझ्या ओळखीच्या कोल्हापूरच्या एका मुलाने एका एजंटाला दीड लाख दिले, नेमणूकपत्रही आलं, लोगोसकट. संस्थेत चौकशी केली तेव्हा असं पदच नव्हतं. नोकरीसाठी किंवा स्वयंसेवक होण्यासाठी कुठलीही खरी क्रीडासंस्था उमेदवाराकडून पैसे घेत नाही. मेलचा पत्ता अधिकृत डोमेनचा आहे का ते पाहा आणि संकेतस्थळावरच्या क्रमांकावर स्वतः फोन करा. स्वयंसेवकाला विमान आणि राहण्याचा खर्च मात्र बहुतेक वेळा स्वतःच करावा लागतो, तो हिशेब आधी मांडा. पॅरिस २०२४ ला ४५,००० स्वयंसेवक घेतले आणि अर्ज तीन लाखांवर आले होते.

कंत्राट हातात आल्यावर

पगाराचा आकडा रुपयांत गुणून हुरळून जाऊ नका. लोझानमध्ये आरोग्य विमा पगारातून कापला जात नाही. तो पोचल्यापासून तीन महिन्यांत स्वतः घ्यावा लागतो आणि दर महिन्याला मोठा हप्ता जातो. भाड्याच्या घरासाठी तीन महिन्यांपर्यंतचं भाडं अनामत म्हणून अडकतं. घरमालक तुमच्यावर वसुलीची कारवाई नाही असा सरकारी दाखलाही मागतो. नव्याने आलेल्या माणसाचा असा इतिहासच नसतो, म्हणून ऑफिसचं पत्र जोडा, आणि पहिले दोन-तीन महिने कुणाकडे तरी खोली घेऊन राहा. पोचल्यावर चौदा दिवसांच्या आत, आणि काम सुरू करण्याआधी, राहत्या भागाच्या नगरपालिका कार्यालयात नोंदणी करायची असते.

कामाचा ताण हंगामी असतो. स्पर्धेच्या आधीचे सहा आठवडे घरच्यांचा वाढदिवस, गणपती, काहीही आठवत नाही. माझ्या सहा वर्षांत मी एकदाच गणपतीला घरी होते. ज्यांना लहान मुलं आहेत किंवा आजारी आईवडील आहेत त्यांनी हे सही करण्याआधी घरात बसून बोलून घ्यावं, आणि वर्षातून किती दिवस प्रवास असेल तो आकडा संस्थेकडून लेखी घ्यावा.

कंत्राटाच्या शेवटच्या वर्षाकडे पहिल्या दिवसापासून लक्ष असू द्या. मुदत संपायला सहा महिने असताना नव्या जागा शोधायला लागा, कारण परवाना बहुधा नोकरीशी बांधलेला असतो. स्वित्झर्लंडमध्ये कर्मचाऱ्याला कामाचं प्रमाणपत्र केव्हाही मागता येतं, नोकरी चालू असतानासुद्धा. तुमचे वरिष्ठ बदलणार असल्याची कुणकुण लागली की त्याच आठवड्यात त्यांच्या सहीचं अंतरिम प्रमाणपत्र मागून घ्या. तुमचं काम त्यांनी पाहिलेलं असतं. नव्या माणसाला ते फाइलमधूनच कळणार असतं.